पॅडचा सूर थांबला तर? आजची पेंटेकॉस्टल उपासना आणि केडगावची मुळं

मांगोरचा पेटीवाला

सर्वांना नमस्कार, जय ख्रिस्त.

वास्कोतल्या आमच्या मराठी पेंटेकॉस्टल मंडळीत, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या चर्चमध्ये, मी अकरा वर्षं कीबोर्ड वाजवतोय. त्याआधी पेटी वाजवायचो. आमच्यात बहुतेक जण कोल्हापूर, सोलापूर, बेळगावकडून बंदर आणि रेल्वेच्या कामासाठी आलेल्या घरांतले. एका दुकानावरचा हॉल भाड्याने घेतलाय, तिथे दर रविवारी उपासना असते. आज लिहितोय ते बरेच दिवस मनात घोळतंय, आणि ज्यांना आमची मंडळी माहीत नाही त्यांच्यासमोर मांडणं मला सोपं जाईल असं वाटतं.

मागच्या रविवारचं सांगतो. चौथं गीत संपलं, पाळकांनी प्रार्थना सुरू केली. माझा डावा हात डीच्या पॅडवर होता. पॅड म्हणजे कीबोर्डवरचा ढगासारखा पसरलेला लांब सूर. प्रार्थनेखाली तो तुटू द्यायचा नसतो. कानात क्लिक, म्हणजे ताल धरायला लावलेली टिकटिक, चालू होता. मागच्या भिंतीवर, फक्त आम्हाला दिसेल असं घड्याळ उलटं चाललं होतं, 02:40. पाळक म्हणाले, "आता आत्म्याला मोकळीक देऊ या." त्याच क्षणी ड्रमवाल्या पोराने माझ्याकडे बघितलं, कारण इथे आवाज चढवायचा हे शुक्रवारच्या सरावातच ठरलं होतं. मी चढवला. हात वर गेले, लोक अन्य भाषांत प्रार्थना करू लागले. 00:20 ला मी आवाज उतरवला. हात खाली आले.

घरी आलो तर घास उतरेना. त्या लोकांची प्रार्थना खोटी होती असं मी मुळीच म्हणत नाही. पण ती कधी सुरू व्हावी आणि कधी थांबावी हे माझ्या डाव्या हाताने ठरवलं, आणि हे मला सहन होत नाहीये.

माझी पणजी केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती आश्रमात वाढली. 1897 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून ज्या मुली रमाबाईंनी आणल्या, त्यांतली ती एक. आजी तिच्याकडून ऐकलेलं आम्हाला सांगायची. 1905 च्या जानेवारीपासून मुक्तीत रोज प्रार्थनेला बसणं सुरू झालं. आधी सत्तरेक जणी बसायच्या, जूनपर्यंत दिवसातून दोनदा साडेपाचशे बसू लागल्या. वेल्समध्ये जागृती, म्हणजे लोकांत श्रद्धेची मोठी लाट, आल्याची बातमी पोचली होती, खासी टेकड्यांतूनही येत होती. 29 जूनला पहाटे तीनच्या सुमाराला एका मुलीवर पवित्र आत्मा आला. बाजूच्या मुलीला ती पेटलेली दिसली म्हणून ती बादलीभर पाणी आणायला धावली, आणि ओतणार तेवढ्यात कळलं की हे जाळणारं नाही. दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाचा आठवा अध्याय शिकवत होत्या. मुली मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या आणि बाईंना बोलणं थांबवावं लागलं.

मला यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात मोठं वाटतं. शिकवणारी पंडिता. सगळा आश्रम तिच्या शब्दावर चालणारा. आणि मुली प्रार्थना करतात म्हणून ती गप्प बसते.

लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरच्या सभा त्यानंतर, एप्रिल 1906 मध्ये सुरू झाल्या. म्हणजे जगातले पेंटेकॉस्टल जिथून स्वतःची सुरुवात मोजतात त्याच्या नऊ-दहा महिने आधी दौंडजवळच्या एका गावात, बऱ्याच अंशी आपल्या भाषेत, हे घडत होतं. आमच्या वर्शिप टीममधल्या एकाही पोराला हे माहीत नाही. सिडनीहून आलेल्या इंग्रजी उपासना-गाण्याचा पूल, म्हणजे मधला वेगळ्या चालीचा भाग, कुठे येतो हे मात्र त्यांना पाठ आहे.

तुमचं काय म्हणणं आहे?

---

फोंड्याचा भजनी

दादा, मी हिंदू आहे, घरात तीन पिढ्यांची भजनाची पेटी आहे. तुमच्या उपासनेतलं मला फार कळत नाही, पण पॅडचं लगेच कळलं. वास्कोच्या दामोदर सप्ताहात चोवीस तास भजन अखंड चालतं, तुम्ही पाहिलंच असेल. तिथे सूर तुटू नये म्हणून माणसं बदलतात. एक थकला की दुसरा बसतो. पहाटे तीन-चारला आवाज बसलेले असतात, टाळ पुढेमागे होतात, आणि माझ्या मते खरं भजन तेव्हाच होतं. तुमच्या पणजींची वेळही पहाटे तीनचीच निघाली!

एक विचारतो, राग मानू नका. अन्य भाषा म्हणजे नेमकं काय? आणि ती आल्याशिवाय माणूस कमी ठरतो का?

---

मांगोरचा पेटीवाला

राग कसला, भाऊ. बायबलमध्ये प्रेषितांची कृत्ये, दुसऱ्या अध्यायात, पन्नासाव्या दिवशी म्हणजे पेंटेकॉस्टला शिष्य न शिकलेल्या भाषांत बोलू लागले असं आहे. त्यावरूनच आमचं नाव पडलं. प्रार्थना करताना आपल्याला न कळणारे शब्द तोंडातून येतात, ते आत्मा देतो असं आम्ही मानतो. मला स्वतःला हा अनुभव आहे, सतराव्या वर्षी आला, घराच्या गच्चीवर, एकटा असताना.

कमी ठरतो का, याचं उत्तर खाली कुणी जाणतं माणूस देईल तर बरं.

---

डिचोलीचे काका

मी निवृत्त पाळक. उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

अन्य भाषा हीच आत्म्याच्या बाप्तिस्म्याची, म्हणजे पवित्र आत्म्याने भरून गेल्याची खूण, हा विचार अमेरिकेत चार्ल्स पारहम यांच्या टोपेका इथल्या बायबल शाळेतून आला. 1 जानेवारी 1901 ला तिथे ॲग्नेस ओझमन ही विद्यार्थिनी अन्य भाषेत बोलली. पारहमकडून ही शिकवण विल्यम सिमोर यांनी घेतली. कशी घेतली तेही ऐका. सिमोर काळे, गुलामांच्या पोटी जन्मलेल्या आईबापांचे, एका डोळ्याने अधू. ह्यूस्टनच्या शाळेत गोऱ्यांबरोबर बसायची बंदी, म्हणून त्यांनी व्हरांड्यात बसून, उघड्या दारातून धडे ऐकले. त्याच माणसाने पुढे अझुसा स्ट्रीटवर काळे, गोरे, मेक्सिकन सगळ्यांना एका फळीवर बसवलं. पारहम तिथे आले आणि ते दृश्य बघून बिथरले. ज्याने शिकवलं त्यालाच ते फळ गोड लागलं नाही.

केडगावला अन्य भाषा 1906 मध्ये ऐकू आल्या. पण ज्याला त्या नाहीत त्याला आत्मा नाही असं रमाबाईंनी कधी मानलं नाही. त्यांच्या सहकारी मिनी अब्राम्स यांनी या विषयावर 1906 मध्ये पुस्तिका लिहिली. ती चिलीतल्या एका मैत्रिणीपर्यंत पोचली आणि 1909 मध्ये तिथे मोठी जागृती झाली. म्हणजे चिलीच्या पेंटेकॉस्टल लोकांची नाळ लॉस एंजेलिसपेक्षा केडगावला जास्त जवळ आहे. तेव्हा भजनीबुवा, उत्तर असं: आमच्यात दोन्ही मतं आहेत, आणि आपल्या मातीतलं मत उदार होतं. मीही आयुष्यभर तेच शिकवलं.

---

म्हापशाचा गिटारवाला

सगळ्यांना मान देऊन थोडं उलट बोलतो. मी सव्वीस वर्षांचा, म्हापशात वर्शिप लीड करतो, कोंकणी, मराठी, इंग्लिश तिन्हींत.

पेटीवाले दादा, क्लिक आणि घड्याळ यांच्यावर राग का? आमचा हॉल साडेबाराला सोडावा लागतो, मागून दुसऱ्यांचा कार्यक्रम असतो. घड्याळ नसेल तर वचनाचा, म्हणजे प्रवचनाचा, वेळ कापला जातो. क्लिक नसेल तर माझा नवशिका ड्रमर पळतो आणि आज्या-आजोबांना टाळ्या धरता येत नाहीत. सराव करणं म्हणजे आत्म्याला बांधून ठेवणं नव्हे. दाविदाच्या मंडपातसुद्धा गाणारे नेमलेले होते, वाद्यं शिकवलेली होती.

आणि मुळं म्हणता, तर मुळांत हेच होतं की लोक आपल्या काळाच्या चालीत गायले. अझुसाचे लोक काळ्या चर्चच्या ठेक्यात गात होते आणि तिथल्या पेपरांनी त्यांची टर उडवली. मुक्तीच्या मुली मोठ्याने रडल्या, नाचल्या, तेव्हा जुन्या मिशनऱ्यांना ते असभ्य वाटलं होतं. आज तुम्ही आमच्या गिटारला तसंच बघताय का?

माझ्याकडे येणारी निम्मी पोरं कधी चर्चची पायरी चढली नव्हती. त्यांतला एक जण दारूत बुडाला होता. तो पहिल्यांदा आला तो फक्त ड्रम ऐकायला. आज तोच सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या मांडतो.

---

केडगावची लेक

मी दौंड तालुक्यातली, लग्न होऊन फोंड्याला आले. धागा वाचून भरून आलं. आमच्या घरी रमाबाईंच्या भाषांतराचं बायबल आहे, पानं बोटाखाली मोडतात अशी अवस्था, म्हणून मलमलीत बांधून ठेवलंय. बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून ते एकटीने केलं, साध्या बायकांना कळावं म्हणून. 1922 मध्ये काम पुरं करून गेल्या आणि 1924 मध्ये ते छापून निघालं. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या, बांधणाऱ्या मुक्तीतल्याच बायका.

मला उपासनेतलं हेच सांगायचंय. जागृती आली म्हणजे मुली नुसत्या गात बसल्या नाहीत. आधी एकमेकींची क्षमा मागितली. कुणी चोरलेला पीठ-गूळ कबूल केला, कुणी भांडण मिटवलं. मग टोळ्या करून आसपासच्या गावांत गेल्या. माग, तेलघाणा, शेती, छापखाना, सगळं चालूच होतं. प्रार्थनेहून उठलेली मुलगी पुन्हा मागावर बसायची.

आजच्या उपासनेत मला वाद्यं खटकत नाहीत. कबुली कुठे गेली ते शोधत असते. सगळी गाणी "माझा विजय, माझा आशीर्वाद, माझं वाट बघणं संपलं" अशी. पश्चात्तापाचं एक गाणं लावा म्हटलं तर म्हणतात, ताई, त्याने वातावरण खाली जातं.

---

म्हापशाचा गिटारवाला

ताई, हे मान्य. मी स्वतःच हे वाक्य बोललोय, अगदी याच शब्दांत. आज याद्या काढून बघितल्या. गेल्या तीन महिन्यांत पश्चात्तापाचं एकही गीत नाही. वाईट वाटलं.

---

सासष्टीकार

मी मडगावचा कॅथलिक. मराठी शाळेत शिकलो म्हणून इथे वाचत असतो. मध्येच घुसल्याबद्दल माफी असावी.

आमच्याकडे बिलिव्हर, म्हणजे कॅथलिक चर्च सोडून तुमच्यासारख्या मंडळीत गेलेला, म्हटलं की घराघरांत ताण येतो. माझी बहीण गेली, दोन वर्षं आईशी बोलणं बंद होतं. त्यामुळे हा धागा मी थोड्या धास्तीनेच उघडला. पण तुमचं दुखणं आमचंही निघालं. आमच्या वाड्यावरच्या खुरसाकडे, म्हणजे क्रॉसपाशी, लदीन ही गाऊन करायची प्रार्थना व्हायची. व्हायोलिनवर मेस्त, म्हणजे चर्चचे संगीत मास्तर, आणि बायका दुसऱ्या-तिसऱ्या आवाजात आपोआप सूर धरायच्या. कुणी त्यांना शिकवलं नव्हतं, कानावर पडून आलं होतं. आता कुठे कुठे स्पीकरवर रेकॉर्डिंग लावतात आणि लोक मोबाईल बघत उभे. चण्यांची पुडी मिळाली की घरी.

आमच्यातही 1967 पासून अमेरिकेत सुरू झालेली करिस्मॅटिक चळवळ आली. माझी बहीण आधी तिथेच होती. हात वर करून, मोठ्याने, सगळ्यांनी एकत्र प्रार्थना करायची, ही तुमच्याकडची रीत आमच्या माटवात, म्हणजे मांडवात, आली आणि कित्येकांना तिने पुन्हा चर्चमध्ये आणलं. म्हणून मी या रीतीला नावं ठेवणार नाही.

आणखी एक. ख्रिस्ताला मराठीत गायची सुरुवात केडगावच्याही आधी, इथे गोव्यात झाली. फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण 1616 मध्ये रायतूरला छापलं गेलं. जवळपास अकरा हजार ओव्या. रोमन लिपीत छापलेलं, पण भाषा मराठी. नव्या ख्रिस्ती लोकांना पुराण ऐकायची सवय होती, ती ओळखून एका इंग्रजाने ओवी हातात घेतली. त्यानंतर पोर्तुगीजांनी स्थानिक भाषा दाबल्या आणि तो धागा तुटत गेला. तुमच्या पोरांना सिडनीची गाणी भाषांतर करून का गावी लागतात, याचं एक कारण तिथेही आहे.

---

मांगोरचा पेटीवाला

सासष्टीकार, तुम्ही मुळीच मध्ये घुसला नाहीत. बहिणीचं वाचून जीव कळवळला. आमच्या लोकांनी कित्येक घरांत आईबापांच्या भक्तीला तुच्छ लेखून दुखावलंय हे मी पाहिलंय. त्याबद्दल मला लाज वाटते.

भाषांतराचं अगदी खरं. इंग्रजी गाण्याच्या चालीत मराठी शब्द बसवताना ऱ्हस्व-दीर्घाची पार मोडतोड होते. "पवित्र"मधला "वि" चार मात्रा ताणावा लागतो. आजी असती तर तिने कानावर हात ठेवले असते. ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळकांचे अभंग आमच्याच 'उपासना संगीत' या गीतांच्या पुस्तकात आहेत, तोंडात साखरेसारखे विरघळतात, पण त्यांना क्लिक लागत नाही म्हणून ते यादीतच येत नाहीत.

गिटारवाल्या भावा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला दोन दिवस लागले. गिटारवर माझा राग नाही. अझुसाला सुरुवातीला वाद्यं नव्हती, गीतांची पुस्तकंसुद्धा नव्हती, पण मला तिथे परत जायचं नाहीये. माझं म्हणणं इतकंच, की तिथे पुढे काय होणार हे कुणालाच माहीत नसायचं. सिमोर लाकडी खोक्यांमागे बसायचे आणि डोकं खोक्यात घालून प्रार्थना करायचे. पुढारी डोकं लपवून बसलेला, आणि सभा चालू. कुणीही उठून साक्ष द्यावी, कुणी गीत सुरू करावं. पौलाने करिंथकरांना लिहिलंय तसंच, की एकत्र जमता तेव्हा प्रत्येकाजवळ काही असतं: कुणाजवळ स्तोत्र, कुणाजवळ शिकवण, कुणाजवळ अर्थ. आज आमच्या हॉलमध्ये दोनशे जण असतात आणि "काही असतं" ते फक्त स्टेजवरच्या सहा जणांजवळ.

---

डिचोलीचे काका

अझुसाची आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. तिथे अर्पणाची थाळी फिरवत नसत. दाराजवळ पेटी होती, ज्याला द्यायचं त्याने टाकावं. आज काही ठिकाणी अर्पणाच्या वेळी सर्वांत भावुक गाणं वाजवतात. मी पाळक होतो म्हणून सांगतो, ती वेळ मुद्दाम निवडलेली असते.

---

बायणाची आई

मी इथे कधी लिहीत नाही, आज लिहिते.

तुम्ही सगळे म्हणता आवाज कमी करा, शांतता हवी. माझं घर एका खोलीचं. सासू, नवरा, दोन मुलं. नवरा प्यायचा तेव्हा मारायचा. त्या घरात रडायला जागा नव्हती. रडले तर मुलं घाबरायची आणि शेजारी विचारायचे. रविवारी उपासनेत स्पीकर मोठा असायचा, त्या आवाजात मी मोठ्याने रडायचे आणि कुणाला ऐकू जायचं नाही. आठवड्यातली माझी तेवढीच जागा होती. चार वर्षं मी तशीच जगले.

दादा, तुमच्या डाव्या हाताने आवाज चढवला तेव्हा मला कुणी बंद करून ठेवलं नव्हतं, उलट मोकळं केलं होतं. हेही लक्षात घ्या.

---

मांगोरचा पेटीवाला

ताई, तुमचं तीनदा वाचलं. बायकोला वाचून दाखवलं, ती गप्प झाली.

मी हे कधीच बघितलं नव्हतं. मला वाटायचं मी वरून लोकांना चालवतोय. तुम्ही त्या आवाजाच्या आडोशाला बसला होतात, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मुक्तीतल्या साडेपाचशे मुलीसुद्धा एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत. त्यांतल्या बहुतेक दुष्काळातून आलेल्या, बालविधवा, टाकलेल्या. त्या गलक्यात कुणाचं रडणं कुणाला ऐकू जात असेल? माझ्या पणजीचंही नसेल.

फरक आता मला असा दिसतो. तिथे तो आडोसा मुली एकमेकींना देत होत्या, स्वतःच्या गळ्याने. आमच्याकडे तो स्पीकर देतो. पण ज्याला आडोसा हवाय त्याच्यासमोर हा फरक घेऊन मी भांडणार नाही.

---

फोंड्याचा भजनी

मग करून बघा ना, दादा. सगळी उपासना बदलू नका. आठवड्यात एक बैठक बिनपॅडची ठेवा. आमच्याकडे गुरुवारच्या भजनाला माईक नसतोच.

---

मांगोरचा पेटीवाला

(सतरा दिवसांनी)

पाळकांना हा धागा वाचायला दिला. रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, मलाही घड्याळाची भीती वाटते. गेल्या शुक्रवारच्या उपवास-प्रार्थनेला स्टेज रिकामं ठेवलं. माईक नाही, स्क्रीन नाही. सतरंज्या घातल्या, गोल बसलो, एकतीस जण. पाळक माझ्या बाजूला जमिनीवर.

पहिली बारा-तेरा मिनिटं काहीच झालं नाही. बाहेर पाऊस, खालच्या दुकानाचं शटर, कुणाचं तरी खोकणं. माझी बोटं मांडीवर डी, ए, बी मायनर, जी वाजवत होती, ती मुठीत धरली. ड्रमवालं पोरगं दोनदा माझ्याकडे बघून गेलं, आता काय म्हणून. मी खांदे उडवले.

मग कोपऱ्यातल्या सोलापूरच्या एका आजीने टिळकांचा अभंग सुरू केला. फार वरच्या पट्टीत, तिलाच झेपेना. दुसऱ्या ओळीला ती अडली. तीन-चार म्हाताऱ्या बायकांनी खालून सूर धरला आणि तिला घेऊन पुढे गेल्या. पोरांना शब्द येत नव्हते, ती नुसती गुणगुणत राहिली. तिसऱ्या कडव्याला एकाने सतरंजीवर ठेका धरला. तोच, ड्रमवाला.

त्यानंतर एक जण उठला आणि समोर बसलेल्या भावाला म्हणाला, तुझे पैसे मी दिलेले नाहीत, दिले म्हणून सांगितलं ते खोटं होतं. दोघं सख्खे भाऊ. मग सगळेच एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागले, कुणी सांगितलं नाही. किती वेळ चाललं ठाऊक नाही, त्या घड्याळाची वायर मीच काढून ठेवली होती.

बायणाच्या ताई, तुम्ही आमच्याच मंडळीतल्या की दुसऱ्या, मला माहीत नाही, आणि विचारणारही नाही. पण त्या गलक्यात मी लक्ष देऊन ऐकलं. माझ्या मागे कुणीतरी रडत होतं, आणि कोण ते मला कळलं नाही.

गिटारवाल्या भावा, पुढच्या शुक्रवारी येतोस का? गिटार घेऊन ये, केस उघडायची की नाही ते तिथे ठरवू.

---

म्हापशाचा गिटारवाला

येतो. तो अभंग आधी पाठवा, शब्द पाठ करून येतो.